जपानी टर्बो गाडी विकायचीये? बोनेटच्या आधी आरसी बुक उघडा

एक्झॉस्टमधून जाळ काढणारी टोयोटा सुप्रा किंवा मित्सुबिशी इव्हो रीलमध्ये दिसली की लाइक पडतोच. पण अशी मॉडिफाय केलेली इम्पोर्टेड गाडी विकायला काढली की खरा विषय सुरू होतो. तिचा भाव टर्बोवर कमी आणि कागदांवर जास्त ठरतो. त्यात सिंधुदुर्गात बांद्याच्या पुढे पत्रादेवी लागलं की गोवा, त्यामुळे इथे जीए पासिंगच्या गाड्यांचा व्यवहार आला की एक कागद आणखी वाढतो.

गाडी भारतात आली कशी?

पहिला प्रश्न हाच. इव्हो टेन २०१० मध्ये हिंदुस्तान मोटर्सने आणि जीटी-आर डिसेंबर २०१६ मध्ये निसानने भारतात अधिकृतपणे आणली. अशा गाड्यांचे कागद सहसा सरळ असतात.

जुनी गाडी बाहेरून आणायची तर सर्वसाधारण नियम कडक आहे. ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. त्यामुळे नव्वदच्या दशकातली सुप्रा कोणी विकत असेल, तर ती कधी आणि कोणत्या नियमाखाली आली हे विचारा. कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री आणि ड्युटी भरल्याची पावती मागा. कार्नेवर आलेली गाडी ठरलेल्या मुदतीत परत न्यावी लागते, ती इथे विकता येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोची कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’मध्ये केरळात छापे टाकून अनेक गाड्या जप्त केल्या. भूतानमार्गे आणून खोट्या कागदांवर त्यांची नोंदणी झाल्याचा संशय होता. अशा वेळी गाडी सध्या ज्याच्या दारात उभी असते, त्याच्याच दारातून ती उचलली जाते.

मॉडिफिकेशनचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवायचं तरी आरटीओला कळवावं लागतं. विमा कंपनीला बदल सांगितले नसतील तर क्लेमही अडकू शकतो.

विकणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका कुठे?

टीटी फॉर्मवर सह्या करून चावी दिली की विषय संपला, असं अनेकांना वाटतं. तो संपत नाही. ६ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने एका अपघाताच्या प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांत गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. कोर्टाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. आता विचार करा, तुमच्या नावावरची, बूस्ट वाढवलेली गाडी कोणीतरी आंबोली घाटात उडवतोय. बिल तुमच्या घरी येऊ शकतं.

मग विकायची कशी?

शक्य असेल तर गाडी मूळ स्थितीत आणा, काढलेले पार्ट वेगळे विका. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या गाडीवर १७ अक्षरी नंबर नसतो, छोटा फ्रेम नंबर असतो. आरसीवर भलताच नंबर असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

फॉर्म २९ आणि ३० भरा. गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विक्री १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते. गोव्याची गाडी मालवणात येणार असेल तर आधी तिथली एनओसी, मग इथला कर आणि एमएच ०७ नंबर. सगळ्यात शेवटी, आरसीवर नवं नाव आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तोपर्यंत गाडी कायद्याच्या नजरेत तुमचीच आहे.