दूरदेशींचीं पत्रें : गोठलेल्या रानांतील वाहता ओढा

"अहो, परत सोडूनच द्यायचा तर मुळांत धरायचा कशाला?" हा प्रश्न सौ.नीं मला विचारला, तोहि पहाटे पांच वाजतां, मी लोकरीच्या मोज्यांवर दुसरे मोजे चढवीत असतां. मला उत्तर सुचलें नाहीं. बाहेर मुलानें गाडी सुरू करून ठेविली होती, तें निमित्त सांगून मी निघालों.

गेल्या पत्रांतील हिंवाळ्याचें वर्णन वाचून कित्येक वाचकभगिनींनीं विचारलें होतें कीं, चार-चार महिने बर्फ पडून राहिल्यावर तेथील माणसें करतात तरी काय? त्यांपैकीं कांहीं माणसें मासे धरावयास जातात. हें वाचून आपल्या माजघरांत ज्या भुंवया वर चढतील त्या मला येथून दिसत आहेत. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, त्या दिवशीं आमच्यापैकीं कोणाच्याहि पोटांत मासा गेला नाहीं. येथील कायदाच तसा आहे. विस्कॉन्सिन राज्यांत जानेवारीच्या पहिल्या शनिवारापासून मेच्या आरंभापर्यंत ओढ्यांतील ट्राउट मासा धरतां येतो. पण तो जागच्या जागीं पाण्यांत सोडून द्यावा लागतो.

आम्ही चौघे होतों. मी, माझा मुलगा, त्याचे स्नेही असलेले एक डॉक्टर, आणि शेजारचे एक निवृत्त शाळामास्तर. डॉक्टर मूळचे साताऱ्याकडचे. मास्तर येथलेच, वय पंच्याहत्तरीच्या घरांत, आणि पाण्याचा नाद लहानपणापासूनचा. त्यांच्या बरोबर शिकलेल्या एका शेतकऱ्याच्या रानांतून तो ओढा जातो, तिकडे आम्हांला जावयाचें होतें. मॅडिसनपासून मोटारीनें दोन तासांवर कून व्हॅली नांवाचें लहानसें गांव आहे, त्याच्या परिसरांत.

हा सारा मुलूख मोठा विलक्षण. हिमयुगांत उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या थरांनीं भोंवतालचा प्रदेश खरडून काढला. राज्याचा हा नैर्ऋत्य कोपरा मात्र त्यांतून सुटला. त्यामुळें उंच कडे, अरुंद दऱ्या आणि वळणावळणानें धांवणारे ओढे येथें टिकून राहिले. खडक चुनखडीच्या जातीचा व वालुकेचा. डोंगरावर पडलेलें पाणी त्यांतून झिरपतें आणि पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. उन्हाळा असो कीं हिंवाळा असो, त्या झऱ्यांच्या पाण्याची उष्णता नऊ अंश सेंटिग्रेडच्या आसपासच असते. आपल्याकडे पौषांत विहिरीचें पाणी कोमट लागतें, त्यांतलाच हा प्रकार.

आम्ही पोंचलों तेव्हां हवा शून्याखालीं नऊ अंश होती. कुंपणाच्या तारांवर, वाळल्या गवतावर, झाडांच्या काटक्यांवर हिम धरलेलें. आणि त्या निपचित पांढऱ्या रानांत एवढा एक ओढा वाफाळत, खळखळत चाललेला. झऱ्याच्या मुखाशीं पाण्यांत हिरवीगार भाजी माजली होती. भर जानेवारींत तो हिरवा रंग पाहून मी खरोखरच थबकलों. ओढा रुंदीला किती म्हणाल, तर आपल्याकडील एखाद्या पऱ्ह्याएवढा. चांगला उडी मारणारा मुलगा कांहीं जागीं तो सहज ओलांडील.

"पाण्यांत उतरूं नका," मास्तरांनीं बजावलें. तपकिरी ट्राउटची मादी शरदऋतूंत शेंपटीच्या फटकाऱ्यांनीं तळाच्या खडींत खळगा करिते, त्यांत अंडीं घालिते व वर खडी लोटून ठेविते. हिंवाळाभर तीं अंडीं त्या खडीखालीं असतात. वरून एक बूट पडला तर किती जीव चिरडले जातील याचा नेम नाहीं. ज्या माणसाच्या हातीं गळ आहे तोच इतकी काळजी घेतो, हें पाहून मला सौ.चा प्रश्न पुन्हां आठवला. परंतु विचारण्याची ती वेळ नव्हती.

धरण्याची रीत थोडक्यांत सांगतों. आमच्या कोंकणांत गळानें मासे पकडण्याला 'गरवणें' म्हणतात. तेथें गळाला किडा नाहींतर कोळंबी लावतात. येथें या दिवसांत सजीव आमिषाला बंदी. पिसें व रेशीम बारीकशा गळावर गुंडाळून खोटी माशी बनवावयाची. हिंवाळ्यांत पाण्यावर उडणारें खरें चिलट तांदळाच्या कणीएवढें. म्हणून ही माशीहि तेवढीच. माझ्या चष्म्यांतून ती मला दिसेना, दोरा ओवून दिला तो मुलानें. दांडीला ज्या कड्या असतात त्यांत पाणी गोठे आणि दर चार-पांच फेंकींनंतर बोटांनीं चोळून बर्फ काढावें लागे. दोन तासांत मीं दोनदां माझीच टोपी गळाला लावली व एकदां डॉक्टरांची बाही. डॉक्टर म्हणाले, "काका, हा मासा सोडूं नका, चांगला वजनदार आहे." मासे मात्र जेवावयास उठले नव्हते. दुपारीं हवा थोडी निवळल्याखेरीज ते हालत नाहींत, असें मास्तरांचें म्हणणें.

तोंवर शेतकऱ्याच्या घरीं बोलावणें आलें. हीं घराणीं मूळचीं नॉर्वेकडचीं. घरच्या आजीबाईंनीं आमच्यापुढें बटाट्याच्या पोळ्या ठेविल्या. त्यांना लेफ्स म्हणतात. उकडलेला बटाटा कणकेंत मळून, खांचा पाडलेल्या लाटण्यानें पातळ लाटून तव्यावर भाजलेल्या. वर लोणी-साखर. मीं बाईंना सांगितलें कीं, आमच्याकडे हाच कारभार लाटण्याला खांचा न पाडतां चालतो. त्यांना तें नवलाचें वाटलें.

खरी मौज पुढें होती. शेतकऱ्यानें आम्हांला खिडकीशीं नेलें आणि समोरच्या डोंगराकडे बोट केलें. उतारावर बर्फांतूनहि पट्टे दिसत होते, डोंगराला कमरपट्टे बांधावे तसे आडवे, एकाखालीं एक. एक पट्टा मक्याचा, त्याखालीं गवताचा, पुन्हां मक्याचा. "माझ्या आजोबांच्या लहानपणीं यांतला एकहि नव्हता," तो म्हणाला.

एकोणिसाव्या शतकांत आलेल्या वसाहतवाल्यांनीं हे डोंगर उभे नांगरले व माथ्यावरच्या रानांत गुरें सोडलीं. पन्नास-साठ वर्षांत व्हावयाचें तें झालें. पाऊस मुरेना, तो माती घेऊन धांवूं लागला. शेतांत घरें मावतील एवढ्या घळी पडल्या, दरींत गाळ सांचला, झरे रोडावले, ओढ्याचें पाणी उन्हाळ्यांत तापूं लागलें. ट्राउटला थंड व स्वच्छ पाणी लागतें. गळ न टाकतां, जाळें न लावतां, केवळ नांगरानें हा मासा कित्येक ओढ्यांतून गेला. येथला मूळ रहिवासी ब्रुक ट्राउट हा अधिक नाजूक. त्याची फार हानि झाली. आज दिसतो त्यांतला बराचसा तपकिरी ट्राउट युरोपांतला. त्याचीं अंडीं १८८३ मध्यें जर्मनीहून अमेरिकेंत आलीं.

१९३३ सालीं सरकारनें जमिनीची धूप थांबविण्याचा देशांतील पहिला पाणलोट-प्रयोग याच कून व्हॅलींत आरंभिला. ह्यू बेनेट हे त्या खात्याचे प्रमुख. मॅडिसनच्या विद्यापीठांत त्याच वर्षीं वन्यजीवांचे अध्यापक म्हणून नेमलेले आल्डो लिओपोल्ड हे सल्ल्यास होते. मंदीचे दिवस, बेकार तरुणांच्या सरकारी छावण्या होत्या, त्यांतील पोरें कामाला आलीं. सरकारनें बीं, चुना, तार आणि मजूर द्यावे. शेतकऱ्यानें पांच वर्षांचा करार करून नांगर आडवा धरावा, उभ्या कड्यावर गुरें चारूं नयेत, असा बेत होता. आपल्या मुंबई इलाख्यांत जमीनसुधारणेचा कायदा १९४२ त झाला व बांधबंदिस्तीला जोर आला, वृत्ति तीच.

"आजोबांचे वडील सही करीनात," शेतकरी सांगूं लागला. "ते म्हणत, नांगर सरळ चालवावा हें बापानें शिकविलें, आतां कागद घेऊन आलेल्या पोरांनीं मला वांकडें चालावयास शिकवावें काय? पण शेजाऱ्यानें सही केली, आणि पुढच्या पावसांत त्याचें पाणी आमच्या शेतांत आलें नाहीं. मग त्यांनींहि केली." एकट्यानें बांध घालून डोंगर सांवरत नाहीं, वरच्यानें सोडलेलें पाणी खालच्याला बुडवितें. मोठ्या कुटुंबांत वागलेल्यांना हें समजावून सांगावयास नको.

१९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, १९३०च्या सुमारास या दरींत ज्या वेगानें गाळ सांचत होता त्याच्या शेंकडा सहाइतकाच वेग आतां उरला आहे. तेव्हां सारें कुशल आहे असें मात्र समजूं नये. २०१८ च्या ऑगस्टांतील अतिवृष्टींत या खोऱ्यांतील जुने बंधारे तीन फुटले आणि कून व्हॅली गांवांत पाणी शिरलें. त्या रात्रीची गोष्ट सांगतांना आजीबाईंनीं हातांतली बशी खालीं ठेविली.

दुपारीं एकच्या सुमारास आम्ही पुन्हां कांठावर आलों. आतां पाण्यावर चिलटें दिसूं लागलीं होतीं, आणि त्यांच्यामागें अधूनमधून एखादें वर्तुळ. मास्तरांनीं दोन धरले. दोन्ही पाण्याबाहेर न काढतां, बोटाच्या एका हिसक्यानें गळ मोकळा करून सोडले. गळाचा कांटा त्यांनीं आधींच चिमट्यानें दाबून टाकला होता. मीं वाटेंत विचारलेंच. ते म्हणाले, "याचें चांगलें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. ट्राउट धरणारांना वेगळें तिकीट घ्यावें लागतें. त्या पैशांतून ओढ्यांची डागडुजी होते. हें सांगून मी स्वतःची समजूत घालतों. पण मी येथें येतों तो मला आवडतें म्हणून."

आणि मग माझी दांडी वांकली. काय झालें हें कळण्यापूर्वींच सारा जीव हातांत उतरला. मुलगा ओरडला, "बाबा, दोरा ढिला सोडूं नका!" मासा वीतभर लांब, अंगावर लाल व काळे ठिपके, पोट लोण्याच्या रंगाचें. साठ वर्षांत मीं एवढें सुंदर कांहीं हातांत धरलें नव्हतें. मीं तो वर उचलला. मुलानें मोबाईल काढला, हातमोजा निघेना, मग पडदा उघडेना. "थांबा, आणखी एक," असें तो म्हणाला आणि मी थांबलों. हसरें तोंड करून थांबलों. मास्तर वरच्या वळणावरून धांवत आले. "पाण्यांत! आधीं पाण्यांत!" इतक्या थंडींत माशाचे कल्ले उघड्या हवेंत गोठूं शकतात, हें त्यांनीं सकाळीं सांगितलें होतें, आणि मीं मान डोलावली होती.

पाण्यांत ठेवितांच तो एका कुशीवर कलंडला. मास्तरांनीं माझे हात धरून त्याला प्रवाहाकडे तोंड करून उभा ठेवविला. बोटें बधिर झालीं, पण मीं हात काढले नाहींत. डॉक्टर शेजारीं बसले होते, कांहीं बोलत नव्हते. कल्ले एकदां हलले, मग बराच वेळ नाहीं, मग पुन्हां. किती मिनिटें गेलीं सांगतां येत नाहीं. शेवटीं त्यानें शेंपूट हलविली, हातांतून निसटला आणि कांठाखालच्या अंधारांत गेला. "जगेल ना?" मीं विचारलें. मास्तर म्हणाले, "बहुधा." त्यांनीं माझ्या समाधानासाठीं दुसरा शब्द वापरला नाहीं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें.

त्यानंतर मीं दांडी मिटवून झाडाला टेकविली आणि बाकीचे तिघे अंधार पडेपर्यंत काय करतात तें पाहत बसलों. मन उदास होतें असें म्हणावें, तर तो वाफाळता ओढा पाहून डोळेहि निवत होते.

घरीं आल्यावर सौ.नीं गरम पाणी दिलें, हातांना तूप लावलें आणि मुलाच्या मोबाईलवरील छायाचित्र पाहिलें. "तुम्ही किती हसतां आहांत यांत," त्या म्हणाल्या. मीं सारी हकीकत सांगितली. त्यांनीं तें ऐकून घेतलें व सकाळचा प्रश्न पुन्हां विचारला नाहीं. मार्चांत मंडळी परत जाणार आहेत. मी जाईन, त्या शेतकऱ्याला आमची पुरणपोळी खाऊं घालण्याचें कबूल केलें आहे. दांडी नेईन कीं नाहीं, तें अद्याप ठरलेलें नाहीं.