दोन ‘खातेदार’

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका टीममध्ये मी काही वर्षं काम केलं. मुख्य ॲप एकच, पण एका संस्थेला पिग्मी हवी, दुसरीला सोनेतारण, तिसरीला दोन्ही आणि शिवाय व्याज काढायची स्वतःची रीत. म्हणून प्रत्येक विभाग आम्ही वेगळा प्लगइन केला: एक डीएलएल फाइल, तिच्यात त्या विभागाचे कंट्रोलर आणि पानं. ठरलेल्या फोल्डरात फाइल टाकली की ॲप चालू असतानाच मेनूत ‘सोनेतारण’ दिसलं पाहिजे, असा आमचा हट्ट होता. ते पहिल्यांदा जमलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे एका स्क्रीनभोवती उभे राहून तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होतो.

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये एवढं करायला फार लागत नाही. ॲप सुरू होताना फ्रेमवर्क ‘ॲप्लिकेशन पार्ट्स’ची यादी चाळतं. त्यातला जो क्लास पब्लिक आहे, ॲब्स्ट्रॅक्ट किंवा जेनेरिक नाही आणि ज्याच्या नावाच्या शेवटी ‘कंट्रोलर’ आहे, तो कंट्रोलर ठरतो. ही यादी एकदा तयार झाली की तीच वापरली जाते, त्यामुळे मागाहून डीएलएल जोडली तरी तिचे रूट दिसत नाहीत. ‘यादी बदलली आहे’ असं फ्रेमवर्कला कळवावं लागतं, आणि त्यासाठी आयॲक्शनडिस्क्रिप्टरचेंजप्रोव्हायडर नावाचा इंटरफेस दिलेला आहे. कळवलं की रूट नव्याने बांधले जातात. थोड्याशा ओळींचं काम.

पण रूट सापडला म्हणजे कंट्रोलर चालेल असं नाही. त्याच्या कन्स्ट्रक्टरला व्याज मोजणारी सर्व्हिस हवी असते, आणि सर्व्हिसेसचा कंटेनर तर ॲप सुरू होतानाच बांधून झालेला असतो. त्यात नंतर भर घालता येत नाही. मग प्लगइनसाठी वेगळा कंटेनर, आणि त्याला मुख्य ॲपच्या सर्व्हिसेस मिळाव्यात म्हणून आणखी जोडाजोड.

चालत्या ॲपमध्ये प्लगइन जोडण्याबद्दल माझं मत फिरलं ते मात्र एका एररमुळे. ‘खातेदार’ या टाइपचा ऑब्जेक्ट ‘खातेदार’ या टाइपमध्ये बदलता येत नाही, असं ती सांगत होती. दोन्हीकडे नाव तेच, नेमस्पेस तीच, कोडही अक्षरशः तोच. दोन दिवस गेले. कारण असं की डॉट नेटमध्ये टाइपची ओळख केवळ नावावर ठरत नाही. तो कोणत्या लोड कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे डीएलएल लोड होतात त्या कोणत्या कप्प्यातून आला हेही पाहिलं जातं. मुख्य ॲप आणि प्लगइन यांच्यातला सामाईक करार, म्हणजे इंटरफेस आणि ‘खातेदार’सारखे क्लास, ज्या डीएलएलमध्ये होता तिची एक प्रत बिल्ड होताना प्लगइनच्या फोल्डरातही पडली होती. प्लगइनच्या कॉन्टेक्स्टने स्वतःची प्रत उचलली, आणि ॲपच्या दृष्टीने हा खातेदार परका झाला. करार एकाच ठिकाणाहून, मुख्य ॲपमधूनच लोड झाला पाहिजे. हे आधी माहीत असतं तर उपाय दहा मिनिटांचा होता.

प्लगइन काढून टाकणं याहून अवघड आहे. 2019 च्या डॉट नेट कोअर 3.0 पासून लोड कॉन्टेक्स्ट अनलोड करता येतो, पण तो आदेश नसून विनंती असते. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये ॲपडोमेन बंद करताना त्यातले थ्रेड जबरदस्तीने थांबवले जात. आता तसं होत नाही. प्लगइनच्या एखाद्या क्लासकडे बोट दाखवणारं एक स्टॅटिक फील्ड, चालू राहिलेला टायमर, न काढलेला इव्हेंट हँडलर, सिरियलायझरच्या कॅशमध्ये राहिलेली नोंद, यातलं एकही शिल्लक असेल तर जुनी डीएलएल मेमरीतच राहते. एरर येत नाही. सोनेतारणाची प्रत्येक नवी आवृत्ती चढवली की मेमरी थोडी वाढते, आणि कधीतरी सर्व्हर अडखळू लागतो तेव्हा कारण कोणालाच आठवत नाही.

अनेकजण वर्डप्रेसचा दाखला देतात: तिथे तर प्लगइन बटणासरशी सुरू होतो आणि बंदही होतो. खरं आहे, पण पीएचपीत साधारणपणे प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते. कोणते प्लगइन सुरू आहेत ते डेटाबेसमधून वाचायचं, पान द्यायचं आणि सगळं सोडून द्यायचं. दिवसेंदिवस चालणाऱ्या प्रोसेसला ही सोय नाही. म्हणूनच नॉपकॉमर्स हे डॉट नेटवरचं ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर, प्लगइन बसवला की ॲप रीस्टार्ट करतं. डॉट नेटवरच्याच ऑर्चर्ड कोअर या सीएमएसची पद्धत मला जास्त आवडते. तिथे मॉड्यूलचा कोड ॲपसोबत आधीच बिल्ड झालेला असतो. फीचर चालू-बंद केलं की त्या टेनंटसाठी, म्हणजे त्या एका साइटसाठी, नवा कंटेनर बांधला जातो, आणि जुना त्याच्या हातातल्या रिक्वेस्ट संपल्यावर विसर्जित होतो. चालत्या प्रोसेसमधून कोड उपटून काढायचा प्रयत्नच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: प्लगइन ॲप सुरू होतानाच लोड करा, आणि बदल झाला की रीस्टार्ट करा. आमच्या पतसंस्थांत दिवसअखेर झाली की पुढचे कितीतरी तास कोणी लॉगिनही करत नसे. काही सेकंदांचा रीस्टार्ट तिथे कोणाला खुपला असता? तरीही तो टाळण्यासाठी आम्ही कित्येक महिने घालवले, आणि तेवढ्या काळात करार लहान आणि स्थिर ठेवायचं काम मागे पडलं. शिवाय लोड कॉन्टेक्स्ट म्हणजे सुरक्षेची भिंत नव्हे. सोनेतारणाचा प्लगइन मनात आणलं तर सगळ्या ठेवीदारांची खाती वाचू शकतो, कारण तो ॲपच्याच प्रोसेसमध्ये, ॲपच्याच अधिकारांनी चालतो. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरात पडलेली कुठलीही फाइल न विचारता चालवणं मला आता मान्य होत नाही.

हल्ली मी प्लगइनची सही आणि त्याने मागितलेली कराराची आवृत्ती ॲप सुरू होतानाच तपासतो. जुळलं नाही तर प्लगइन आत येत नाही, आणि मॅनेजरच्या पहिल्याच पानावर त्याचं नाव आणि कारण साध्या मराठीत लिहिलेलं असतं. सकाळी काउंटर उघडण्याआधी फोन येतो, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो.