शहरांचा ‘डिजिटल ट्विन’: वाहतुकीच्या गणितात शेतमाल धरला जाईल का?

शेतातून निघालेला टोमॅटो चांगला असतो, पण शहराच्या तोंडाशी गाडी अडकली की त्याची प्रत उतरू लागते. अवजड वाहनांच्या प्रवेशबंदीच्या वेळा, बाजार समितीच्या गेटवरील रांग, माल उतरवायला लागणारा उशीर, या सगळ्याची किंमत शेवटी आपल्या पट्टीत दिसते. हा वेळ वाचवण्यासाठी काही शहरे आता ‘डिजिटल ट्विन’ हे तंत्र वापरून पाहत आहेत.

तंत्र काय आहे?
रस्ते, गोदामे आणि मालवाहू गाड्या यांची ही संगणकातील प्रतिकृती असते. जीपीएस व सेन्सरच्या नोंदींवरून ती अद्ययावत राहते. त्यामुळे गाड्यांची वेळ बदलली किंवा शहरात छोटे गोदाम उभारले तर काय होईल, हे खर्च करण्याआधीच पाहता येते. युरोपीय संघाच्या अर्थसाह्याने २०२० पासून ‘लीड’ प्रकल्पात माद्रिद, हेग, बुडापेस्ट, लिऑन, ऑस्लो आणि पोर्तो या सहा शहरांत असे प्रयोग झाले.

अडचण कुठे आहे?
या प्रयोगांचा भर प्रामुख्याने ऑनलाइन खरेदीच्या घरपोच मालावर होता. कपड्यांचे पार्सल चार तास उशिरा पोचले तरी कपडे तसेच राहतात. भाजीपाल्याचे तसे नाही. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की त्याच्या श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणून नुसते किलोमीटर आणि डिझेल मोजून भागणार नाही. मालाची प्रतही मोजावी लागेल. हे शक्य आहे. स्वित्झर्लंडमधील ‘एम्पा’ संस्थेच्या संशोधकांनी वाहतुकीतील आंब्याचा डिजिटल ट्विन तयार केला आहे.

आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबत ‘युलिप’ हा मंच आला. वाहन व फास्टॅगची माहिती त्यातून एकत्र मिळते. पण टोमॅटो किती वाजता तोडला आणि किती किलो फेकावा लागला, हे फास्टॅग सांगत नाही. ती नोंद आपल्याकडूनच यायला हवी.

आतापासून काय करावे?
- प्रत्येक खेपेची तोडणी, गाडी भरणे, गेटवर पोचणे आणि लिलाव यांची वेळ लिहा.
- क्रेटची संख्या, खराब निघालेला माल आणि मिळालेला दर नोंदवा.
- शक्य असल्यास क्रेटमध्ये तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवा.
- शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांच्या नोंदी एकत्र कराव्यात. त्या कोणाला देण्याआधी वापराच्या अटी लेखी ठरवाव्यात.

समजा, २० किलोचे २०० क्रेट पाठवले आणि ३ टक्के माल खराब झाला. म्हणजे १२० किलो गेले; १५ रुपये दराने १,८०० रुपये. असा हिशेब हंगामभराचा हाती असेल, तर प्रवेशाच्या वेळा ठरवणाऱ्या महापालिकेपुढे आणि वाहतूक पोलिसांपुढे आपली मागणी आकड्यांनिशी मांडता येईल. विस्तार कार्यकर्त्यांनी गटांच्या बैठकीत या नोंदवहीपासून सुरुवात करावी.