वजन बसतंय म्हणून निर्धास्त राहू नका

सिंदेवाहीची आजी परदेशात नातवंडांकडे आली, की "पोट्टा किती वाळला जी!" हा शेरा ठरलेला. मग ताटात भाताचा आणखी एक डाव पडतो. आईबाबा मात्र डॉक्टरांच्या तक्त्यात वजन बसतंय म्हणून निवांत असतात. आपल्या मुलांच्या बाबतीत नजर आणि तक्ता, दोन्ही फसवे आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं अभ्यासली. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडामांसाने बारीक. अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून. अशा शरीरावर पुढे झपाट्याने वजन चढलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, यकृतात चरबी साठते, रक्तदाब वाढतो. भारतातल्या २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते १९ वयोगटातलं साधारण दहातलं एक मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळलं.

दोष एकट्या भाताचा नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ आमच्याकडे पोटभर खातात. पण दिवसभर भाताच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्याला तो जिरतो. इथे परदेशात मुलांनी शाळेत गाडीने जायचं, खेळ पडद्यावर, आणि तहान लागली की ज्यूस.

मुलाच्या मानेवर किंवा काखेत काळसर, जाडसर पट्टा दिसला, की आपण मळ समजून बेसनाने घासतो. ती रक्तात वाढलेल्या इन्सुलिनची खूण असू शकते. घासणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, किंवा वजन जास्त असून घरात मधुमेह असेल, तर दहाव्या वर्षापासून साखर तपासायला सांगा. यकृताचीही चौकशी करा.

मुलाला उपाशी ठेवू नका, 'जाड्या' म्हणू नका. वाढत्या अंगाला डाएट नव्हे, घराची शिस्त लागते: डाळ-भाजी जास्त, गोड पेय सणापुरतं, रोज तासभर धावपळ. आपल्या इथल्या मराठी मंडळानेही मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीतले ज्यूसचे डबे बंद करून खो-खो सुरू करावा. पहिली कुरकुर मुलांची नसेल, आपलीच असेल. म्हणून हा ठराव आधी पालकसभेत मांडू या.