कृष्णाचं काम कोणी करायचं?

एक क्विझचा प्रश्न. एप्रिल १९१८ मध्ये अहमदनगर गावात (म्हणजे आताच्या अहिल्यानगरात) नऊ दिवसांच्या अंतराने दोन मुलं जन्मली. दोघांनी पुढे आयुष्यभर लोकांची करमणूक केली. सांगा कोण?

पहिलं नाव आमच्यासारखी इंग्लिश मीडियमची मंडळी पटकन सांगतात. स्पाइक मिलिगन, जन्म १६ एप्रिल. ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायाचा मुलगा, पुढे बीबीसी रेडिओच्या 'गून शो'मुळे गाजलेला विनोदवीर. त्याच्या गमतीदार कविता मी शाळेतच वाचल्या होत्या. दुसरं नाव मात्र हॉस्टेलमध्ये पंधरा-वीस जणांना विचारून पाहिलं, एकालाही आलं नाही. ते नाव शाहू मोडक, जन्म २५ एप्रिल. या माणसाने २९ चित्रपटांत श्रीकृष्णाचं काम केलं. आपल्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या पिढीतल्या कित्येकांना 'कृष्ण' म्हटलं की कॅलेंडरवरच्या चित्राआधी मोडकांचाच चेहरा आठवायचा.

आता खरी गंमत ऐका. शाहू मोडक ख्रिस्ती होते. नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातले.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी आधी नगर समजून घ्यावं. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ पासून आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक इथेच राहिले आणि ओव्या-अभंगांच्या चालीत ख्रिस्ताची भजनं लिहिली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं नगर भेटतं. टिळक गेले १९१९ साली, तेव्हा मोडक वर्षाचे होते. टाळ-मृदंगावर येशूचं भजन म्हणणाऱ्या गावात एखादा ख्रिस्ती पोरगा बासरी हातात घेऊन उभा राहिला, तर त्यात आश्चर्य कसलं?

तो उभा राहिला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. साल १९३२. 'आलम आरा' येऊन वर्षच झालेलं आणि 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट त्याच वर्षीचा. पुण्यात दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनने 'श्यामसुंदर' काढला, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. कृष्ण झाला शाहू आणि राधा झाली शांता आपटे, तीही लहानच. तेव्हा प्लेबॅक नव्हतं. ज्याला गाता येतं तोच हिरो, आणि गाणं कॅमेऱ्यासमोर, तिथल्या तिथे. चित्रपट तुफान चालला, रौप्यमहोत्सवी झाला. आपण चौदाव्या वर्षी सायन्स एक्झिबिशनमध्ये ज्वालामुखीचं मॉडेल करत होतो, हे आठवून मला तरी जरा लाज वाटते!

पुढच्याच वर्षी, १९३३ ला, 'औट घटकेचा राजा' आला. हिंदीत तोच 'आवारा शहजादा'. त्यात राजपुत्र आणि त्याच्यासारखाच दिसणारा गरीब मुलगा, दोन्ही शाहूच. भारतीय बोलपटातला पहिला डबल रोल म्हणून त्याची नोंद होते. (मूकपटात १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते.) आपल्या ब्रँचवाल्यांसाठी सांगते. त्या काळी असे शॉट कॅमेऱ्यातच करायचे. फ्रेमचा अर्धा भाग झाकायचा, उरलेल्या अर्ध्यात एकदा काम करायचं. मग फिल्म मागे गुंडाळून दुसरा अर्धा झाकायचा आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा शूट. कॅमेरा केसभर हलला की सगळं वाया. सॉफ्टवेअर नाही, अनडू नाही, मॉनिटर नाही. समोर कोणीच नसताना नजर बरोबर जागी ठेवायची ती नटाने. आपलं एखादं प्रॅक्टिकल दुसऱ्यांदा घ्यायला लावलं तर आपण केवढे कुरकुरतो!

पण मोडकांना फक्त देवाच्या मुकुटात बघणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९३९ चा व्ही. शांतारामांचा 'माणूस' (हिंदीत 'आदमी') बघा. प्रभातचा चित्रपट. त्यात ते गणपत नावाचे साधे पोलीस हवालदार आहेत. धाडीत सापडलेल्या मैना या वेश्येला तो वाचवतो, तिच्यावर प्रेम करतो आणि दोघांनाही समाज मधे येतो. मैना झाल्या होत्या शांता हुबळीकर. नायक ना राजा ना देव, ड्युटीवरचा पोलीस. तेव्हा मोडक एकवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्या टीई-बीईच्या मुलांएवढे. मी हा चित्रपट लॅपटॉपवर पाहिला. प्रिंट खराब, आवाज खरखरतो. पण पंधरा मिनिटांत ते सगळं विसरायला होतं.

आणि मग १९४० चा 'संत ज्ञानेश्वर'. पुन्हा प्रभात. माझ्या लेखाचा मुद्दा इथे आहे, म्हणून नीट वाचा. ज्ञानेश्वरांचं काम केलं शाहू मोडक या ख्रिस्ती तरुणाने. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचं. विष्णुपंत दामले हिंदू आणि शेख फत्तेलाल मुसलमान. त्याच जोडीने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला होता. म्हणजे महाराष्ट्राची माउली पडद्यावर आणली तिघांनी मिळून, आणि महाराष्ट्राने चित्रपट डोक्यावर घेतला. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आपल्याच जिल्ह्यात, नगरपासून साठेक किलोमीटरवर आहे. ज्ञानेश्वरी नेवाशाची आणि मोडक नगरचे. दोन्ही एकाच जिल्ह्यातले की!

हे सगळं मी आत्ता का उगाळतेय? कारण गॅदरिंग जवळ आलंय.

गेल्या वर्षी नाटकात संताची भूमिका होती. ऑडिशनला जो मुलगा सगळ्यात चांगला बोलला, ज्याला अभंग पाठ होते, ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता, त्याला ती मिळाली नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही. 'जरा सांभाळून घेऊ', 'उगाच कोणी काही बोलायला नको', 'तू लाइट्स छान करतोस ना' एवढंच. त्याचं आडनाव काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याने लाइट्स केले आणि खरंच छान केले. स्टेजवरच्या संताच्या चेहऱ्यावर प्रकाश बरोबर पडत होता, तो त्याच्यामुळे.

यावर लोकांचं म्हणणं मी ऐकून घेतलंय. एक म्हणतात, 'श्रद्धेचा प्रश्न आहे, भावना दुखावतात.' मान्य, श्रद्धेची थट्टा कोणी करू नये. पण थट्टा होते ती वाईट कामाने. पाठांतर नसलेला, मोबाइल खिशात ठेवून स्टेजवर येणारा संत हा जास्त मोठा अपमान नाही का? दुसरे म्हणतात, 'तो काळ वेगळा होता, लोक भोळे होते.' तो काळ काही सोनेरी नव्हता हो. १९१३ ला फाळक्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवावी लागली. कोणी काय काम करावं याची बंधनं तेव्हाही होतीच. ती कोणीतरी मोडली म्हणून सुटली. आणि अलीकडचं उदाहरण हवं असेल तर १९८८ चं 'महाभारत' घ्या. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारे ते संवाद राही मासूम रझांनी लिहिले होते.

माझ्या कॉन्व्हेंटमध्ये दर डिसेंबरला येशूजन्माचं नाटक व्हायचं. मेरी कधी जोशांची, कधी शेखांची. जोसेफ बहुतेक वेळा मारवाडी असायचा, कारण तो वर्गात सगळ्यात उंच होता. सिस्टर फक्त एवढंच बघायच्या की वाक्यं पाठ आहेत का आणि बाळाची बाहुली हातातून पडणार नाही ना. एकाही पालकाची तक्रार मला आठवत नाही. उलट आमच्या आया पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायच्या. नाटक संपलं की आम्ही आपापल्या घरी जाऊन आपापल्या देवाला नमस्कार करायचो. त्याने कोणाचाही धर्म बुडाला नाही.

शिवाय ज्ञानेश्वरांच्या बाबतीत तर हे फारच उलटं होतं. 'संन्याशाची पोरं' म्हणून ज्या भावंडांना गावाने बाहेर ठेवलं, शुद्धिपत्रासाठी ज्यांना आळंदीहून पैठणपर्यंत चालावं लागलं, त्यांच्याच भूमिकेसाठी आपण शुद्धिपत्र मागायला लागलो तर चित्रपटातला तो वेद बोलणारा रेडासुद्धा हसेल!

शाहू मोडक १९९३ साली गेले. त्यांच्या गावाजवळ राहून आपण निदान दोन गोष्टी करू शकतो. एक, परीक्षेआधीच्या एखाद्या शनिवारी हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'माणूस' लावू. मेसचं जेवण लवकर उरकून या, वॉर्डन सरांनाही बोलवू. दोन, यंदाच्या ऑडिशनला नाव आणि आडनाव लिहायचंच नाही. फक्त नंबर. सेमिस्टरच्या पेपरवर आपला फक्त सीट नंबर असतो आणि ते आपल्याला न्याय्य वाटतं. मग स्टेजसाठी वेगळा नियम का?

कल्चरल कमिटीला मी तसं लेखी दिलंय. ज्यांना पटतं त्यांनी खाली सही करायला यावं. कागद लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी आहे आणि त्याची एक प्रत मेसच्या काउंटरवर ठेवलीय.