रंगखडूंची तरतूद

गेल्या महिन्यात कोल्हापुरातील एका बैठकीत कर्करोगग्रस्त मुलांसाठी चालणाऱ्या चित्रकलेच्या उपक्रमाचा विषय निघाला, तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने मला विचारले, "सर, ज्या बापाजवळ औषधाला पैसा नाही त्याच्या पोराला रंग देऊन काय साधणार?" प्रश्न खोचक होता, पण प्रामाणिक होता. मर्यादित साधने आणि अमर्याद गरजा हे ज्या शास्त्राचे पहिले पान, ते शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा मला तो परका वाटण्याचे कारण नाही. मात्र औषध ही गरज आणि चित्र ही चैन, असे त्यात गृहीत धरलेले आहे. ते तपासून पाहिले पाहिजे.

मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्याच्या नेहमीच्या प्रकारावरील उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. शिरेतून औषधे, पाठीच्या मणक्यांतून सुई, पुनःपुन्हा रक्ततपासणी. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे त्यातील एक प्रमुख औषध. ते रोगावर चालते, पण बोटांतील ताकदही काही काळ कमी करते. या सर्व काळात काय खावे, कोठे झोपावे, सुई कोणत्या हाताला टोचावी, यांपैकी काहीही मूल ठरवीत नाही. आकाश हिरवे रंगवायचे की निळे, एवढे मात्र तेच ठरविते. कलोपचाराचा, म्हणजे ज्याला आर्ट थेरपी म्हणतात त्याचा, पाया एवढाच आहे. चित्राने गाठ विरघळत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

हा शब्द रूढ केला तो एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने, 1942 साली. तो स्वतः क्षयाचा रोगी म्हणून आरोग्यधामात होता आणि अंथरुणावर चित्रे काढता काढता शेजारच्या रुग्णांनाही शिकवू लागला. आज ब्रिटनमध्ये कलोपचारक हा कायद्याने नोंदणी होणारा व्यवसाय आहे आणि सरकारी आरोग्यसेवेत त्याला वेतनश्रेणी आहे. इटलीतील कातानिया येथे रक्ताचा कर्करोग झालेल्या 32 मुलांबरोबर झालेले काम 2001 साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दाखल्यापासून ज्यांना हा आधार मिळाला ती मुले वेदनादायक तपासण्यांच्या वेळी अधिक सहकार्य करीत, आणि पुढच्या वेळी ती किंवा त्यांचे आईबाप स्वतःहून चित्रे मागत. संख्या लहान आहे. त्यावरून मोठे सिद्धान्त उभारू नयेत.

मला पटले ते मात्र आकड्यांमुळे नव्हे. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराचा नऊ वर्षांचा मुलगा उपचारासाठी मुंबईत होता. मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा एक स्वयंसेविका मुलांत कागद घेऊन बसली होती. या पोराने मागांची अख्खी शेड काढली. सगळे माग रंगीत, एकच काळा. बाईंनी चित्राचा अर्थ लावला नाही, शाबासकीही दिली नाही, फक्त विचारले, "हा माग बंद का रे?" तो म्हणाला, "बाबांचा आहे. माझ्यामुळे बंद आहे." बाप शेजारीच बसला होता. मजुरी मीटरवर, माग थांबला की मजुरी थांबली, हे त्या पोराला कोणी सांगितले नव्हते, तरी ते त्याला ठाऊक होते. बापाने त्याला समजाविले, की मागावर बदली म्हणून चुलता उभा आहे. मग पोराने काळ्यावर पिवळा घासायला सुरुवात केली. चार महिने सोबत असूनही हे आपल्याला कळले नव्हते, असे तो बाप मला जिन्यात म्हणाला.

खरे दुखणे येथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान होते, औषध मिळत नाही, आणि कित्येक कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडून गावी परततात. राहायला जागा नाही आणि मजुरी बुडते, म्हणून. परळचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले, 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे; पण महालक्ष्मी एक्स्प्रेसने पहाटे उतरलेल्या माणसाने रात्री कोठे टेकावे, हा प्रश्न दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांवर सोपविला गेला. निहाल व श्यामा कविरत्ने यांनी 2006 साली मुंबईत सुरू केलेल्या सेंट ज्यूड केंद्रांत अशा मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा मिळतो, शिवाय शिकणे, खेळणे, समुपदेशनही. काम उत्तम आहे. परंतु समाजवाद्याने विचारायचे ते हे, की हे दात्याच्या मर्जीवर का असावे?

राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयाला पैसे मिळतात ते ठरीव पॅकेजप्रमाणे. शस्त्रक्रियेचा दर ठरतो, केमोथेरपीचा ठरतो. मुलाजवळ रोज तासभर बसणाऱ्या माणसाचा दर अशा पद्धतीत बसविणे अवघड आहे. म्हणून मागणी पॅकेजची नको, पदाची हवी. जेथे जेथे सरकारी खर्चाने मुलांच्या कर्करोगावर उपचार होतात, तेथे परिचारिकेप्रमाणे एक पगारी कलोपचारक असावा. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात हात असलेल्या तरुणांची वाण नाही. अर्थात एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी करून घेणारा शिक्षक जसाच्या तसा येथे चालणार नाही. येथे रेषा सुधारायची नसते, स्पर्धा लावायची नसते, क्रमांक काढायचे नसतात. वेगळे प्रशिक्षण लागेल, तेही सरकारने द्यावे.

आणखी एक. या मुलांची चित्रे देणगीदारांच्या दिनदर्शिकांवर छापली जातात, खडूवाटपाचे फोटो निघतात. ते चित्र मुलाचे आहे. त्याला विचारल्याशिवाय ते भिंतीवरही लावू नये.

बैठकीतील त्या कार्यकर्त्याला मी यातले बरेचसे सांगितले. तो म्हणाला, पद निघेल तेव्हा निघेल, तोवर काय न्यावे? तोवर जाड खडू न्यावेत, बारीक पेन्सिल त्या बोटांत धरवत नाही. प्रत्येक मुलाला नवा, स्वतंत्र डबा द्यावा. या मुलांना संसर्ग चटकन होतो. हात धुवून जावे, सर्दी असेल तर जाऊच नये. आणि मुलाच्या उजव्या हाताला सलाईन असेल, तर पुढची सुई डाव्या हाताला टोचता येईल का, एवढे परिचारिकेला विचारावे.