रंगीत दूरदर्शन आणि शेतकऱ्याचा वांटा

पिकाची आणेवारी कचेरींत बसून ठरत नाहीं. त्यासाठीं शेतांत उभें राहावें लागतें. सरकारी निर्णयांसही हाच न्याय लावावा, असें आम्हांस वाटतें. १९८२ सालीं दूरदर्शनचें चित्र रंगीत करण्याचा जो निर्णय झाला, त्याची आणेवारी डहाणू-तलासरीच्या बांधावरून करण्याचा येथें हेतु आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. 'आमची माती आमची माणसं' हा त्याचा शेतीविषयक कार्यक्रम पुढें घरोघर माहीत झाला. मात्र आरंभीं चित्र काळेंपांढरें होतें. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंग आला. माहिती व नभोवाणी मंत्री या नात्यानें श्री. वसंतराव साठे यांनीं ह्या योजनेचा हिरिरीनें पुरस्कार केला होता. नोव्हेंबरांत दिल्लीस आशियाई खेळ भरावयाचे होते, म्हणून घाई झाली. गरीब देशास ही चैन कशाला, असा आक्षेपही पुष्कळांनीं घेतला.

आमचें मत ह्या दोन्ही पक्षांहून निराळें आहे. खेळ पाहणारापेक्षां शेतकऱ्यास रंगाची गरज अधिक. भातास नत्र कमी पडलें तर जुनीं पानें आधीं पिवळीं पडतात; लोह कमी पडलें तर कोवळीं. काळ्यापांढऱ्या चित्रांत हा पिवळेपणा दाखवावा कसा? घोलवडच्या बागाईतदारास चिकूच्या पानावरील तांबूस ठिपके दाखवावयाचे, तर तेथेंही रंगच हवा.

चूक झाली ती क्रमांत. खेळांसाठीं रंगाची तारीख ठरली. तलासरीच्या पाड्यांवर वीज केव्हां पोंचावी, सामायिक संच कोठें ठेवावा, वारली बोलणाऱ्या शेतकऱ्यास कोणत्या बोलींत सांगावें, ह्या प्रश्नांस तशी तारीख मिळाली नाहीं. हें अशक्य होतें असें म्हणवत नाहीं. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या प्रयोगांत सहा राज्यांतील सुमारें २४०० गांवांत सरकारनेंच संच बसविले होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

२०१५ सालीं 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी निघाली, हें ठीकच झालें. पण साऱ्या देशासाठीं निघालेल्या वाहिनीनें एका तालुक्याचा चिकू आणि वरकस जमीन किती वेळ दाखवावी? आतां चित्र मोबाइलवरही येतें. उणीव आहे ती आपल्या पिकाच्या चित्राची. म्हणून वाचक शेतकरी बंधूंस आमची सूचना अशी कीं, संघामार्फत सह्याद्री वाहिनीकडे लेखी मागणी करावी: डहाणू-तलासरीच्या पिकांचे रोग रंगासह, सोप्या मराठींत व वारली बोलींत, हंगामापूर्वीं दाखवावे. हंगाम उलटल्यावर मिळालेला सल्ला कितीही रंगीत असला, तरी त्यानें कणगी भरत नाहीं.